एक मीटर आणि नव्वद मीटर

पत्र

डॉक्टर दादा,

आमचे हे बार्शीहून वाशी मार्केटला तूरडाळीची गाडी घेऊन जातात. आठवड्यातून तीन खेपा, सगळ्या रात्रीच्या. सकाळी सहाला उठतात, दिवसभर गाडी भरून घेणं, कागदपत्रं, आणि रात्री दहाला निघतात. अठरा वर्षं आधी तंबाखू आणि मग गुटखा खाल्ला. दोन महिन्यांपूर्वी थोरल्या दिरांना तोंडाचा कॅन्सर निघाला, त्या दिवशी ह्यांनी पुडी फेकली ती फेकलीच. आता गाडीत च्युइंग गमचा डबा असतो. म्हणतात, चघळत राहिलं की झोप येत नाही, डोकं जागं राहतं. मागच्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमाराला यवतजवळ गाडी रस्त्याखाली उतरली. देवाच्या दयेनं कुणाला काही झालं नाही. हे म्हणाले, कुत्रं आडवं आलं. पण गाडीवरच्या क्लीनर पोरानं मला खरं सांगितलं. ह्यांचा डोळा लागला होता, आणि तोंडात गम होतं.

मुलगा यंदा बारावीला आहे, मेंदू तल्लख होतो म्हणून त्यालाही आणून देतात. सासूबाई म्हणतात, गिळलं तर आतड्याला चिकटतं. ह्यांचं गम बंद करू का? पण बंद केलं आणि पुन्हा पुडीकडे वळले तर? काय खरं ते सांगा.

एक बहीण, बार्शी

उत्तर

ताई,

गम बंद करू नका. अठरा वर्षांची पुडी सुटली आहे, ती ज्याच्या आधाराने सुटली ते हातातून काढून घ्यायचं नाही. पण त्या गमच्या भरवशावर दाजींनी पहाटे तीनला स्टिअरिंग धरायचं, हे मात्र थांबायला हवं. (तुम्ही मला दादा म्हटलंत, म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो.)

आधी त्यांचं कुठे बरोबर आहे ते सांगतो, म्हणजे घरात हा विषय काढाल तेव्हा ‘तुमचं सगळं खोटं’ असं म्हणायची वेळ येणार नाही. दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली काहीतरी टरारून वर येतं ना? तो चघळण्याचा स्नायू. तसाच दुसरा गालाच्या मागच्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्यावर असतो, आणि तो शरीरातल्या चांगल्या ताकदवान स्नायूंपैकी एक आहे. हे स्नायू, दातांची मुळं, हिरड्या, सगळीकडून मेंदूला सारखी खबर जात असते: किती दाब पडला, काय मऊ लागलं, काय कडक. खडा लागला की आपण क्षणात थांबतो ते त्यामुळेच. ही खबर नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस मेंदूच्या बुंध्याशी पोचते. तिथेच शेजारी पेशींचा एक छोटासा पुंजका आहे, लोकस सेरुलियस नावाचा. माणसाला सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन तिथून साऱ्या मेंदूभर पसरतं. जबडा हलायला लागला की या भागाला ढोसणी मिळते, असं मानलं जातं. चघळताना मेंदूकडे रक्त थोडं जास्त जातं, नाडीही किंचित वाढते. त्यामुळे ‘गमने तरतरी येते’ हा दाजींचा अनुभव खरा आहे.

जपानमध्ये हे एमआरआय यंत्रात तपासून पाहिलंय. 2013 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सतरा जणांना यंत्रात झोपवून समोर बाण दाखवायचे आणि बाण ज्या दिशेला असेल तिकडचं बटण दाबायला सांगायचं. एकदा गम चघळताना, एकदा न चघळता. गमला मुद्दाम चव नव्हती की वास नव्हता, म्हणजे पुदिन्याचा थंडावा किंवा साखर यांचा परिणाम मध्ये यायला नको. चघळताना बटण लवकर दाबलं गेलं, साधारण 50 मिलिसेकंदांनी. म्हणजे एका सेकंदाचे वीस भाग केले तर त्यातला एक. लक्ष देणं आणि हालचाल ठरवणं ही कामं करणारे मेंदूचे भागही त्या वेळी जास्त काम करताना दिसले.

आता हा आकडा दाजींच्या गाडीत बसवून बघू. गाडी ताशी 80 किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात ती बावीस मीटर पुढे जाते. 50 मिलिसेकंदांत जाते एक मीटर. समोर काही आडवं आलं तर गमच्या कृपेने ब्रेक एक मीटर आधी लागेल. एक मीटरही कमी नाही, कधी कधी तेवढ्यात जीव वाचतो. पण तीन वाजता लागलेली डुलकी सहज चार सेकंदांची असू शकते. डोळे उघडेसुद्धा असतात कधी कधी, मेंदू मात्र तेवढा वेळ नसतो. चार सेकंदांत गाडी जवळजवळ नव्वद मीटर जाते. त्या नव्वद मीटरांत गाडी कोणीच चालवत नसतं.

गम एक मीटर देतं आणि झोप नव्वद मीटर घेऊन जाते. हा हिशेब दाजींना एका कागदावर मांडून दाखवा. गाडी चालवणाऱ्या माणसाला मीटरची भाषा डॉक्टरच्या भाषेपेक्षा लवकर कळते.

आणि जपानच्या त्या यंत्रातली माणसं झोपेने मोडलेली नव्हती, हेही लक्षात घ्या. दाजी सहाला उठतात. रात्री अकरा वाजता, गाडी कुर्डुवाडी ओलांडून टेंभुर्णीच्या आसपास असते तेव्हा, त्यांना उठून सतरा तास झालेले असतात. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने परवानगी आहे 0.03 टक्क्यांची. दाजी दारूच्या थेंबाला शिवत नसतील, तरी टेंभुर्णीच्या चौकात त्यांचा मेंदू त्या मर्यादेच्या पुढे गेलेला असतो. यवतला तीन वाजता त्यांना जागून एकवीस तास झाले होते. शिवाय पहाटे दोन ते पाच ही अशी वेळ आहे की दिवसा पोटभर झोपलेल्या माणसालाही अंगातलं घड्याळ खाली ओढतं.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचं द्रव्य साठत जातं. जितकं साठेल तितकी पेंग. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची वाट काही वेळ अडवून धरतं. त्याचा निचरा मात्र झोपेतच होतो. चघळण्याने तो साठा कमी होत नाही. माणूस झोपेत ओढला जात असताना वरून ढोसणी मारत राहावी तसं ते आहे. आणि ढोसणीची सवय होते. एखाद्या पंगतीत शेजारचा सारखा कोपर मारत असेल तर पाच मिनिटांनी आपण त्याच्याकडे बघतही नाही. त्याच कारणाने तासन्‌तास एकच गम चघळत बसण्यात फार अर्थ नाही.

मी सरकारी रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या आहेत. अपघात विभागात पहाटे येणारे ड्रायव्हर एक वाक्य हमखास बोलायचे: ‘साहेब, झोप नव्हती आली, नुसतं डोळ्यांवर आलं होतं.’ मला ते वाक्य आजही ऐकू येतं. एकाच्या तोंडातून मी सुपारीचा तुकडा चिमट्याने काढला होता, टाके घालायला जागा करण्यासाठी. अर्धा चावलेला होता. तोसुद्धा झोप येऊ नये म्हणूनच चघळत होता. तुमच्या पत्रातली ती ओळ, ‘तोंडात गम होतं’, वाचली तेव्हा मला तो तुकडाच दिसला. दाजी खोटं बोलले ते भीतीपोटी बोलले. त्यांच्यावर ओरडू नका. त्या पोराला मात्र माझ्याकडून शाबासकी द्या.

एक गोष्ट कदाचित दाजींनाही ठाऊक नसेल. तंबाखूतलं निकोटिन स्वतःच मेंदूला जागं ठेवतं. अठरा वर्षं रोज मिळणारी ती चावी एका दिवसात बंद झाली, की पहिले तीन-चार आठवडे माणूस चिडतो, लक्ष लागत नाही, रात्रीची झोप तुटक होते आणि दिवसा गुंगी येते. यवतची घटना बरोबर त्याच काळातली आहे. म्हणजे ‘तंबाखू सोडली म्हणून अपघात झाला’ असं कोणी पारावर म्हणालं तर त्यात कणभर तथ्य आहे, आणि म्हणूनच ते बोलणं घातक आहे. तो काळ आता सरला. पुढे रोज बरंच वाटत जाणार आहे. तरीही तलफ फार येत असेल तर औषधाच्या दुकानात 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम मिळतं. ते साध्या गमसारखं कचाकचा चावायचं नाही. हळूहळू चावायचं, तोंडात चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा 1800-11-2356 हा नंबर फुकट आहे, खेपेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करावा. सुगंधी सुपारी ‘तंबाखू नाही’ म्हणून घरात येऊ देऊ नका. सुपारीनेही कॅन्सर होतो.

आता गाडीचं. खेपेच्या दिवशी संध्याकाळी दाजींनी दीड-दोन तास झोपायचं. खोली अंधारी, मोबाइल तुमच्याकडे. माल भरून घेण्याचं आणि कागदांचं काम त्या दिवशी दुसऱ्या कुणी बघावं. गाडीमालकाला हे पटवणं कठीण आहे, मला कल्पना आहे. पण गाडी रस्त्याखाली उतरली होती हे त्यालाही माहीत असणार, आणि डाळीच्या पोत्यांसकट उलटली असती तर त्याचं किती गेलं असतं हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 सालीच कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम न करता मध्ये अर्धा तास विश्रांती सांगितली होती. मागताय ते काही फुकटचे लाड नाहीत.

रस्त्यात पहिली जांभई आली, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्ट्यावर जायला लागली, की पुढच्या पेट्रोल पंपावर थांबायचं. ‘पुण्यापर्यंत ओढू’ म्हणायचं नाही. थांबल्यावर आधी एक कप कडक कॉफी प्यायची आणि लगेच सीटवर आडवं व्हायचं. गजर पंधरा मिनिटांचा. कॉफी आधी आणि झोप नंतर, हे ऐकायला उलटं वाटतं. पण कॅफिन अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकीने अ‍ॅडेनोसीनचा साठा थोडा उतरतो, आणि उठायच्या वेळेला कॉफीही कामाला लागते. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात 1990च्या दशकात झोपाळू ड्रायव्हरांवर हे प्रयोग झाले. नुसती कॉफी किंवा नुसती डुलकी यांपेक्षा दोन्ही मिळून जास्त चालली. त्याच संशोधकांनी काच खाली करून गार वारा घेणं आणि मोठ्याने रेडिओ लावणं हेही तपासलं. दोन्हींचा असर जेमतेम काही मिनिटं टिकला.

उठल्यावर तोंडावर पाणी, गाडीभोवती दोन फेऱ्या, टायरवर हात मारून बघणं, आणि मग गम. इथे गमला खरी जागा आहे. डुलकी काढून उठलेल्या, थोड्या जड डोक्याला ते चांगलं वर काढतं. पंधरा-वीस मिनिटांनी थुंकून टाकावं, कागदात गुंडाळून. पुढच्या थांब्यानंतर नवं.

अमेरिकन सैन्यात कॅफिन घातलेलं गम वापरतात, एका गोळीत 100 मिलिग्रॅम. ते तोंडातूनच रक्तात जातं, म्हणून कॉफीपेक्षा लवकर लागू पडतं. असलं काही दाजींच्या मोबाइलवर जाहिरातीत येईल. त्याच्या मागे लागू नका. पहाऱ्यावरच्या सैनिकाला एक रात्र काढायची असते. आपल्याला आठवड्याच्या तीन रात्री, वर्षानुवर्षं काढायच्या आहेत.

आणखी एक काम फक्त तुम्हीच करू शकता. दाजी घरी झोपतात तेव्हा घोरतात का? घोरता घोरता एकदम शांत होतात आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात का? सकाळी डोकं दुखतं म्हणतात का, दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या मान टाकतात का? तसं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. मग आठ तास झोपूनही झोप पुरी होत नाही. तो तपासता येतो, त्यावर उपचार आहे. एका रात्री मोबाइलवर आवाज टिपून ठेवा आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना ऐकवा. बायकोने टिपलेले ते आवाज डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात.

मुलाचं सांगतो. 2002 साली इंग्लंडमध्ये नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात 75 जणांवर प्रयोग झाला. गम चघळणाऱ्यांना शब्दांची यादी इतरांपेक्षा जास्त आठवली, आणि वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी जर्मनीत तसं करून बघितलं तर स्मरणाचा फायदा दिसला नाही. 2011 साली अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठात जे आढळलं ते मला सगळ्यांत पटतं: परीक्षेच्या आधी पाच मिनिटं गम चघळलेल्या मुलांना सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं फायदा झाला, पुढे नाही. आणि पेपर सोडवताना चघळत राहिलेल्यांना तर काहीच मिळालं नाही. जबडा चालवणं आणि विचार करणं दोन्ही एकाच मेंदूला करायचं असतं. यातलं काही संशोधन गम बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने झालेलं आहे. रिग्ली कंपनीने 2006मध्ये यासाठी स्वतःची संस्थाच काढली. त्याने आकडे खोटे ठरत नाहीत, पण जाहिरातीतलं ‘तल्लख’ किती मापाने घ्यायचं ते कळतं.

तेव्हा मुलाला परीक्षेच्या हॉलबाहेर उभं असताना पाच मिनिटं चघळू दे. दुपारी जेवून अभ्यासाला बसताना पेंग येते तेव्हाही चालेल. दिवसभर नको. त्या वयातल्या मुलांचं डोकं नुसत्या गमने दुखू शकतं. 2014मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी रोज गम चघळणाऱ्या, डोकेदुखीच्या तीस मुला-मुलींना महिनाभर गम बंद करायला सांगितलं. 26 जणांना चांगला फरक पडला, त्यातल्या 19 जणांचं दुखणं पूर्ण थांबलं. दोघांसाठीही गम बिनसाखरेचंच घ्या, पण त्याचाही अतिरेक केला तर पोटात गॅस होतो, जुलाब लागतात. आणि मुलगा रात्री दोनपर्यंत गम चघळत पाठ करत असेल तर पुस्तक मिटवून त्याला झोपवा. वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं.

सासूबाईंना सांगा, चुकून एखादं गिळलं तर ते न पचता तसंच दोन-तीन दिवसांत बाहेर पडतं. खूप लहान मुलांनी एकामागून एक गिळली तर गोळा होऊन अडकू शकतं, म्हणून नातवंडांच्या हाती डबा लागू देऊ नये, हे त्यांचं बरोबर आहे. चिकटण्याची भीती त्यांच्या मनात कुठून आली असेल तेही कळतं. कच्चा चिकू तोडला की देठातून जो पांढरा चीक येतो आणि बोटांना चिकटून बसतो, पूर्वी गम त्याच झाडाच्या चिकापासून करत. मेक्सिकोतल्या जंगलात खोडाला चिरा पाडून तो गोळा करायचे. हल्लीचं गम बहुतेक कारखान्यातल्या रबरासारख्या पदार्थाचं असतं.

शेवटची विनंती, आणि ही आजच करा. अठरा वर्षं तंबाखू-गुटखा खाल्लेल्या तोंडाला सुपारीने हळूहळू कडकपणा येतो, तोंड पुरतं उघडेनासं होतं. गम चघळताना जबडा दुखतो म्हणून लोक गमलाच दोष देतात आणि खरं कारण राहून जातं. दाजींना आरशासमोर उभं करा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालायला सांगा. तीन सहज मावली पाहिजेत. दोनच मावली, किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा दिसला, तिखट लागलं की आग होत असेल, तर पुढच्या खेपेच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि मला एक ओळ लिहा. किती बोटं मावली, एवढंच लिहिलंत तरी पुरे.

तुमचा दादा